ताऱ्यांआधीची थंडी : प्रस्तावना

तारा म्हटला की मनात उष्णता येते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान साडेपाच हजार अंश सेल्सिअस, गाभ्याचे दीड कोटी, हे आकडे आपण शाळेत पाठ करतो आणि तिथेच थांबतो. पण तारा जन्माला येतो तो कडाक्याच्या थंडीत. ज्या वायूतून सूर्य घडला, तो वायू त्याआधी उणे २६० अंशांच्या आसपास उतरलेला होता. तो तसा थंडावला नसता तर सूर्य झाला नसता, पृथ्वी झाली नसती आणि हे वाचायला कोणी उरले नसते. हे पुस्तक त्या थंडीविषयी आहे. ताऱ्यांच्या दरम्यान पसरलेले हायड्रोजनचे शीत मेघ कसे सापडले, ते थंड का असतात, त्यांतल्या थोड्यांचेच तारे का होतात, आणि हे सारे समजून घेण्यात महाराष्ट्रातल्या एका दुर्बिणीने किती मोलाची भर घातली, हा त्याचा विषय.

दोन ताऱ्यांमध्ये काहीच नसते असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तिथे वायू आहे, धूळ आहे, चुंबकीय क्षेत्र आहे आणि वैश्विक किरणांची ये-जा आहे. या सगळ्याला मिळून आंतरतारकीय माध्यम म्हणतात. त्यातल्या दर १० अणूंमागे ९ हायड्रोजनचे असतात. उरलेल्यात जवळजवळ सगळा हेलियम, आणि कार्बन, ऑक्सिजन, लोह यांचा अंश नाममात्र. हे माध्यम विलक्षण विरळ आहे. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये २५ वर १८ शून्ये इतके रेणू असतात. हायड्रोजनच्या शीत मेघात तेवढ्याच जागेत तीस-चाळीस अणू सापडतात. मग त्याला मेघ तरी का म्हणायचे? त्याच्या विस्तारामुळे. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी १० प्रकाशवर्षे असलेला एक मेघ घ्या आणि दर घन सेंटिमीटरला ३० अणू धरा. त्याचे वस्तुमान सुमारे २१ सूर्यांएवढे भरते. वाचकाने हा हिशेब स्वतः कागदावर करून पाहावा असे मी आग्रहाने सांगेन. त्याला गुणाकार आणि घातांक एवढेच लागतात, आणि तो एकदा हाताखालून गेला की अवकाशाच्या रितेपणाविषयीची आपली समजूत कायमची बदलते.

या माध्यमाचा पहिला पक्का पुरावा मृग नक्षत्राने दिला. व्याधाने मारलेला बाण म्हणून आपण ज्या तीन ताऱ्यांची सरळ रेघ ओळखतो, त्यांतला सर्वांत आधी उगवणारा तारा घ्या. तो एकटा नाही. एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची ती जोडगोळी आहे. १९०४ मध्ये जर्मनीतल्या पोट्सडाम वेधशाळेत योहानेस हार्टमान या ताऱ्याचे वर्णपट तपासत होते. फिरणारा तारा कधी आपल्याकडे येतो, कधी दूर जातो, त्यामुळे त्याच्या वर्णपटातल्या रेषा सुमारे पावणेसहा दिवसांच्या फेऱ्यात मागेपुढे सरकत राहतात. कॅल्शियमची एक रेषा मात्र जागची हलेना. ताऱ्याच्या फिरण्याशी तिला काही देणेघेणे नव्हते. म्हणजे ती त्या ताऱ्याची नव्हतीच. तारा आणि पृथ्वी यांच्या दरम्यान कुठेतरी वायूचा मेघ होता आणि त्यातले कॅल्शियम वाटेतच त्या रंगाचा प्रकाश शोषून घेत होते. हार्टमान यांनी हाच निष्कर्ष काढला. हिवाळ्यात मृग पूर्वेला वर येताना पाहिला की तो वरचा तारा जरूर ओळखावा. आंतरतारकीय वायूचा अभ्यास तिथून सुरू झाला.

वायूच्या जोडीला धूळ असते, आणि ती तर नुसत्या डोळ्यांनाही कळते. मे महिन्यात मध्यरात्र उलटल्यावर म्हैसमाळच्या पठारावरून, शहराचे दिवे पाठीशी ठेवून दक्षिणेकडे पाहावे. हंसापासून गरुडावरून धनू-वृश्चिकापर्यंत उतरणाऱ्या आकाशगंगेच्या पट्ट्यात मधोमध एक काळी फट दिसते. तिथे तारे नाहीत असे विल्यम हर्शेल यांच्या काळात अनेकांना वाटे. पुढे एडवर्ड बर्नार्ड यांनी छायाचित्रांतून अशा काळ्या ठिकाणांची यादीच केली आणि ती १९१९ मध्ये प्रसिद्ध केली. ती भोके नसून धुळीचे पडदे आहेत, मागचे तारे त्यांनी झाकले आहेत, हे हळूहळू सर्वमान्य झाले. १९४७ मध्ये बार्ट बोक आणि एडिथ रायली यांनी यांतल्या लहान, गोलसर, गडद डागांकडे लक्ष वेधले आणि तारे इथेच जन्मत असावेत असे सुचवले. बोक हयात असेपर्यंत त्याचा ठोस पुरावा हाती आला नाही. १९९० मध्ये अवरक्त निरीक्षणांनी तो दिला.

या बोक यांच्याशी आपल्या भागाचे एक दूरचे नाते आहे, आणि ते मराठी वाचकांपुढे क्वचितच येते. १९४९ मध्ये हार्वर्डला एका तरुण भारतीय विद्यार्थ्याने छायाचित्राच्या काचेवर नवा धूमकेतू टिपला. त्या धूमकेतूला बाप्पू, बोक आणि न्यूकर्क अशी तीन नावे मिळाली. तो विद्यार्थी म्हणजे वेणू बाप्पू. हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते तिथे गेले होते. त्यांचे वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत काम करत आणि बाप्पू त्या वेधशाळेच्या अंगणातच वाढले होते. औरंगाबादसह (आताचे छत्रपती संभाजीनगर) सगळा मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १९५६ पर्यंत तो तिथेच राहिला. पुढे भारतीय खगोलभौतिकीची घडी ज्यांनी बसवली त्या बाप्पूंना परदेशी पाठवणारे राज्य आपलेही होते. खगोलशास्त्र आपल्याकडे कुठून तरी परक्या मुलखातून आले असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

धूळ डोळ्यांना दिसते, वायूतले कॅल्शियम वर्णपटात सापडते. पण ज्याचा वाटा सर्वांत मोठा तो थंड हायड्रोजन कसा शोधायचा? थंड अणू दृश्य प्रकाश देत नाही. हा प्रश्न नेदरलँड्समधल्या लायडनच्या यान ऊर्ट यांना सतावत होता. देश जर्मन सैन्याच्या ताब्यात होता, युद्ध चालू होते आणि तरीही त्यांनी आपल्या तरुण सहकाऱ्याला एक काम दिले: रेडिओ लहरींच्या पट्ट्यात हायड्रोजनची एखादी रेषा असू शकते का, ते काढ. हेन्ड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये उत्तर दिले. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघांनाही स्पिन नावाचा गुण असतो. दोन्ही स्पिन एकाच दिशेला असतील तर अणूची ऊर्जा किंचित जास्त आणि विरुद्ध दिशांना असतील तर किंचित कमी. इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटला की हा फरक २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर होऊन बाहेर पडतो. तिची कंप्रता १४२०.४ मेगाहर्ट्झ.

यातला अडथळाही त्यांना दिसत होता. एखादा अणू मोकळा सोडला तर त्याचा स्पिन आपणहून उलटायला सरासरी १ कोटी १० लाख वर्षे लागतात. पृथ्वीवरच्या कुठल्याही प्रयोगात इतकी वाट पाहणे शक्य नाही. पण मघाच्या हिशेबातल्या मेघात २५ वर ५७ शून्ये इतके अणू आहेत. त्यांतल्या अगदी नगण्य भागाने जरी दर सेकंदाला लहर सोडली, तरी त्यांची बेरीज अफाट होते. जी गोष्ट एका अणूच्या बाबतीत जवळजवळ घडतच नाही, ती मेघाच्या बाबतीत अखंड चालू असते. या विषयातले माझे सर्वांत आवडते सत्य हेच आहे.

ती लहर प्रथम पकडली २५ मार्च १९५१ रोजी, हार्वर्डमध्ये, हॅरॉल्ड युवेन आणि एडवर्ड पर्सेल यांनी. त्यांचे साधन होते प्लायवूडला तांब्याचा पत्रा ठोकून केलेले एक कर्ण्याच्या आकाराचे यंत्र. ते प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर आकाशाकडे तोंड करून बसवले होते. पाऊस आला की पाणी त्यातून थेट खोलीत येई आणि येणारेजाणारे विद्यार्थी त्यात बर्फाचे गोळे टाकत. खर्च ५०० डॉलरच्या अनुदानातून झाला. काही महिन्यांतच नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियातूनही दुजोरा मिळाला. त्यानंतर सात वर्षांनी, १९५८ मध्ये, लायडन आणि सिडनी इथली निरीक्षणे एकत्र जोडून ऊर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा नकाशा काढला आणि तिचे सर्पिल फाटे त्यात उमटले. दोन खंडांतल्या निरीक्षणांची जोड त्यांना लागली, कारण लायडनहून आकाशगंगेचे केंद्र क्षितिजापासून जेमतेम नऊ-दहा अंशच वर येते. छत्रपती संभाजीनगर उत्तर अक्षांश २० च्या जरासे खाली आहे. इथून तेच केंद्र दक्षिणेला ४१ अंशांवर चढते. आकाशगंगेचा अभ्यास करायला आपला मुलूख मुळातच चांगल्या जागी आहे.

आता थंडीकडे वळू. २१ सेंटिमीटरच्या रेषेचा अभ्यास वाढला तसे लक्षात आले की आंतरतारकीय अणुरूप हायड्रोजन मुख्यतः दोन रूपांत नांदतो. एक उबदार: ६ ते ८ हजार केल्विन, दोन-तीन घन सेंटिमीटरमध्ये एखादा अणू. दुसरा शीत: ८० केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे १९३ अंश सेल्सिअस. जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात, त्याचे तापमान उणे १९६ असते; शीत मेघ साधारण तेवढाच थंड. तापमान आणि घनता यांचा गुणाकार केला तर दोन्ही रूपांत तो जवळपास सारखाच येतो. म्हणजे दोघांचा दाब सारखा आहे. त्यामुळे उबदार वायूत बुडालेला शीत मेघ फुगतही नाही, चेपलाही जात नाही; तो टिकून राहतो.

पण वायू थंड होतोच कसा? त्याला तापवणारे घटक आहेत. ताऱ्यांचा अतिनील प्रकाश धूलिकणांवर पडतो, त्यांतून इलेक्ट्रॉन उडवतो आणि हे इलेक्ट्रॉन वायूला ऊब देतात. वैश्विक किरणही थोडी भर घालतात. थंड करण्याचे काम मुख्यत्वे कार्बन करतो. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनच्या अणूला हायड्रोजनचा अणू येऊन धडकतो, धडकेतली ऊर्जा कार्बन घेतो आणि १५८ मायक्रोमीटरची अवरक्त लहर सोडून मोकळा होतो. ती लहर मेघातून सुटून जाते आणि तेवढी ऊब कायमची निघून जाते. यातली कळीची बाब अशी: तापणे अणूंच्या संख्येच्या पटीत वाढते, पण थंड होणे धडकांवर अवलंबून असल्याने संख्येच्या वर्गाच्या पटीत वाढते. वायू जरा दाट झाला की थंडी वरचढ ठरते, थंड झाला की तो आणखी दाटतो आणि अखेरीस ८० केल्विनच्या आसपास स्थिरावतो. मधल्या तापमानाचा वायू असा एका बाजूला घसरतो किंवा दुसऱ्या. जॉर्ज फील्ड, डोनाल्ड गोल्डस्मिथ आणि हार्म हाबिंग यांनी १९६९ मध्ये हे गणित मांडले. प्रत्यक्ष निरीक्षणांत मात्र मधल्या, न टिकणाऱ्या तापमानातही बराच वायू सापडतो. धक्के, स्फोट आणि घुसळण यांमुळे तो तिथे ढकलला जात राहतो. सिद्धान्त आणि निरीक्षण यांतले हे अंतर आजही या क्षेत्राला जिवंत ठेवते, आणि या पुस्तकाची दोन प्रकरणे त्यालाच दिली आहेत.

पुढचा मुद्दा मराठवाड्यातल्या वाचकाला समजावून सांगायला फारसे शब्द लागू नयेत. आभाळ भरून येते आणि ढग थेंबही न टाकता पुढे निघून जातात, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसत आलो आहोत. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत रडार बसवून कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले, विमानातून ढगांत बारीक कण सोडले गेले. वाफ भरपूर असली तरी तिला थेंब व्हायला धरून बसण्याजोगा कण लागतो, हे त्यामागचे शास्त्र. हायड्रोजनच्या मेघाचीही तीच गत आहे. शीत मेघातले दोन सुटे अणू नुसते भेटून रेणू होत नाहीत, कारण जुळताना सुटणारी ऊर्जा टाकायला त्यांना जागा नसते. ते पुन्हा विलग होतात. धूलिकणाच्या पृष्ठभागावर ते विसावले, तर ती ऊर्जा कण घेतो आणि हायड्रोजनचा रेणू तयार होतो. नंतर ताऱ्यांचे अतिनील किरण त्याला फोडू पाहतात. मेघ पुरेसा दाट असेल तर बाहेरचे थर आतल्या रेणूंचे रक्षण करतात आणि आत तापमान १० ते २० केल्विनपर्यंत उतरते. हाच रेणुमेघ. तारे जन्मतात ते याच्या पोटात.

जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये दाखवून दिले की वायूचा मेघ स्वतःच्या गुरुत्वाने आकसायचा तर त्याच्याकडे एका ठरावीक मर्यादेहून जास्त वस्तुमान हवे. मेघ जितका थंड आणि दाट, तितकी ही मर्यादा खाली येते. ८० केल्विन आणि दर घन सेंटिमीटरला ३० अणू अशा मेघासाठी ती हजारो सूर्यांएवढी निघते. आपला २१ सूर्यांचा मेघ त्या मर्यादेच्या जवळपासही नाही. तो तारा होऊ शकत नाही. पण तापमान १० केल्विनवर आले आणि घनता दहा हजारांवर गेली, की पाच-सहा सूर्यांएवढे वस्तुमानही आकसायला पुरते. तारा व्हायला नुसते द्रव्य असून भागत नाही, त्या द्रव्याने थंड व्हावे लागते. या पुस्तकाचा गाभा या एका वाक्यात आहे. आपल्या आकाशगंगेत वायूचा साठा अब्जावधी सूर्यांएवढा आहे, आणि तरी वर्षाकाठी त्यातून जेमतेम दीड-दोन सूर्यांएवढे तारे घडतात. रेणुमेघातलेही थोडेच टक्के द्रव्य ताऱ्यांत जाते. या काटकसरीमुळेच आकाशगंगा अब्जावधी वर्षे तारे घडवत राहिली आहे.

हे सारे मोजायचे कसे? इथे आपण जुन्नर तालुक्यात येतो. संभाजीनगरहून अहिल्यानगर, आळेफाटा करत नारायणगावला पोहोचलो की जवळच खोडदच्या माळावर आणि आसपासच्या गावांच्या शिवारांत ३० प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, सगळ्यांच्या तोंडी जीएमआरटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती उभारली. तिचे शिल्पकार गोविंद स्वरूप. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर. १४ तबकड्या मध्यभागी एका चौरस किलोमीटरच्या परिसरात आणि १६ तीन फाट्यांवर, अशी ही मांडणी २५ किलोमीटरपर्यंत पसरलेली आहे. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ती राष्ट्राला अर्पण झाली.

तबकडी जवळून पाहिली की पहिला प्रश्न पडतो: हिला तर आरपार दिसते! तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेच्या जाळीचा आहे. मध्यभागी जाळीचे घर १० मिलिमीटरचे, मग १५ चे, कडेला २० चे. ही जाळी पोलादी दोरांवर ताणून परवलयाच्या आकारात धरलेली आहे. २१ सेंटिमीटरच्या लहरीला एवढी लहान भोके जाणवतच नाहीत, तिच्यासाठी हा सलग आरसा आहे. वारा मात्र आरपार जातो. म्हणून सांगाडा हलका ठेवता आला, खर्च आटोक्यात आला आणि एक-दोन नव्हे तर ३० तबकड्या उभ्या राहू शकल्या. ही कल्पना गोविंद स्वरूप यांची. परदेशी आराखड्याची नक्कल करण्याऐवजी इथल्या ऐपतीत आणि इथल्या कारागिरीत बसेल असे यंत्र त्यांनी घडवले, आणि ते जगातल्या अव्वल यंत्रांत गणले गेले. गोविंद स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी गेले. या पुस्तकात त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, ते कर्तव्य म्हणून नव्हे, मनापासून.

या दुर्बिणीमागच्या मुख्य उद्दिष्टांत विश्वाच्या आरंभकाळातल्या हायड्रोजनचा शोध हे एक होते. शीत मेघाचे तापमान मोजण्याची तिची पद्धत अशी. मेघाच्या मागे, फार दूर, एखादी तेजस्वी रेडिओ दीर्घिका निवडायची. तिच्याकडून येणाऱ्या लहरी मेघातून गाळून येतात आणि २१ सेंटिमीटरला त्यांत खाच पडते. थंड वायू जास्त शोषतो, उबदार वायू कमी. त्यामुळे खाचेची खोली थंडीचे माप देते. त्याच दिशेला वायू स्वतः किती लहरी सोडतो तेही मोजले की दोन्ही आकड्यांवरून तापमान निघते. नारायणगाव, नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलिया इथल्या दुर्बिणी वापरून निसीम कणेकर, निरुपम रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम बारकाईने केले. २०११ मध्ये त्यांनी दाखवले की आपल्या दृष्टिरेषेत दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे २ वर २० शून्ये इतके अणू साचल्याशिवाय शीत मेघ जमत नाही. त्याहून पातळ वायूला अतिनील किरणांपासून आडोसा मिळत नाही. थंडीलाही उंबरठा असतो, हे त्यातून कळले.

त्याच दुर्बिणीने २०२० मध्ये आणखी दूर पाहिले. आदित्य चौधरी, निसीम कणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या अणुरूप हायड्रोजनची लहर मोजली. त्या काळी तारे जोमाने घडत होते आणि त्या दीर्घिकांतला वायू त्या वेगाने एक ते दोन अब्ज वर्षांत संपला असता. नवा वायू बाहेरून पुरेसा येईना, म्हणून विश्वातली ताऱ्यांची पैदास पुढे मंदावली, असा निष्कर्ष त्यातून निघतो. विश्वाच्या इतिहासातला हा मोठा प्रश्न, आणि त्याचे उत्तर जुन्नर तालुक्यातल्या माळावरून मिळाले.

पण इतक्या दुरून येताना विश्वाच्या प्रसरणामुळे लहर ताणली जाते. ८०० कोटी वर्षांपूर्वी निघालेली २१ सेंटिमीटरची लहर आपल्यापर्यंत ७१० मेगाहर्ट्झच्या आसपास पोहोचते. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर कोणत्याही प्रक्षेपणाला बंद आहे, तिथे हायड्रोजनला संरक्षण आहे. ७०० मेगाहर्ट्झला ते नाही, तिथे मोबाइल सेवा चालतात. दुर्बिणीच्या परिसरात रेडिओ शांतता पाळणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. विकास थांबवा असे मी म्हणत नाही. पण धरण बांधताना जसे पाणलोट क्षेत्र राखतो, तसे अशा यंत्राभोवतीचे आकाश राखायला हवे, आणि त्याचा आग्रह धरायला लोकांना ते यंत्र काय करते हे आधी माहीत असायला हवे. हे पुस्तक मराठीत लिहिण्याचे हे एक सबळ कारण आहे.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. १९७७ मध्ये निघालेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक ध्वनितबकडी आहे. तिच्या वेष्टनावर हायड्रोजनच्या अणूच्या दोन अवस्था कोरल्या आहेत. कुणा परक्या बुद्धिमान जिवाला ती तबकडी मिळालीच तर वेळ मोजायचे एकक त्याला या खुणेवरून कळावे, कारण हायड्रोजन सगळीकडे सारखाच. त्या तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. गोव्यातल्या केरीत जन्मलेल्या, उस्ताद अल्लादियाखाँकडे शिकलेल्या केसरबाई पहिले यान निघाल्यावर काही आठवड्यांतच, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, निवर्तल्या. तबकडीत मराठीतून दिलेल्या शुभेच्छाही आहेत. २०१२ मध्ये व्हॉयेजर १ आणि २०१८ मध्ये व्हॉयेजर २ हे यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडून आंतरतारकीय माध्यमात शिरले. म्हणजे या पुस्तकाच्या विषयात मराठी भाषा आणि केसरबाईंचा सूर प्रत्यक्ष पोहोचले आहेत. त्या माध्यमाची ओळख मराठीत नसावी, हे मला पटत नाही.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे. पहिल्या भागात आंतरतारकीय माध्यमाचा शोध आहे आणि त्याला गणिताची गरज नाही. दुसऱ्या भागात २१ सेंटिमीटरची रेषा आणि शीत मेघांचे भौतिकशास्त्र आहे; अकरावी-बारावीचे विज्ञान ज्यांनी मनापासून केले आहे त्यांना तो झेपेल. तिसऱ्या भागात रेणुमेघ आणि ताऱ्यांचा जन्म. हायड्रोजनचा रेणू थंडीत रेडिओ लहरी देत नाही म्हणून कार्बन मोनॉक्साइडच्या २.६ मिलिमीटरच्या रेषेवरून त्याचा माग कसा काढतात, हे तिथे येईल. चौथा भाग जीएमआरटीचा. घाई असलेल्या वाचकाने पहिला आणि चौथा भाग आधी वाचावा, मग मागे यावे.

आकाशाचे जे नकाशे दिले आहेत ते संभाजीनगरच्या अक्षांशाला धरून आहेत, म्हणून ते महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी चालतील. त्यांत तीन मेघांच्या जागा दाखवल्या आहेत. वृश्चिक-धनूच्या दिशेला सुमारे ४०० प्रकाशवर्षांवर पसरलेला, ४० केल्विनचा अदृश्य मेघ. सिंहेच्या दिशेला आपल्यापासून अवघ्या ३७ ते ८० प्रकाशवर्षांच्या टप्प्यातला, २० केल्विनचा मेघ. कृत्तिका-रोहिणीच्या परिसरातला, नवे तारे घडवणारा वृषभ मेघ. हे तिन्ही डोळ्यांना दिसणार नाहीत. पण कुठे पाहायचे हे माहीत असले की आकाशाच्या त्या भागाकडे पाहण्याची नजर बदलते.

शेवटी विद्यार्थ्यांना एक सांगायचे आहे. दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, खोडदची दुर्बीण लोकांसाठी खुली होते आणि तिथे विज्ञान प्रदर्शन भरते. जरूर जा, तबकडीखाली उभे राहा, तिथल्या अभियंत्यांना प्रश्न विचारा. त्याहून मोठी गोष्ट अशी की या दुर्बिणीने नोंदवलेली निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर संग्रहातून अभ्यासकांना खुली होतात. मराठवाड्यातल्या एखाद्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलीला एक बरा संगणक, चिकाटी आणि एक जाणता मार्गदर्शक मिळाला, तर तिथल्या नोंदींतून हायड्रोजनची रेषा स्वतः काढता येईल. त्यासाठी पुण्याला किंवा परदेशी जाईपर्यंत थांबायचे कारण नाही. या पुस्तकातून ती वाट एकाने जरी धरली, तर ते लिहिण्याचे सार्थक झाले.

छत्रपती संभाजीनगर